मागं जागा हाय

आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली कमेंटमध्ये कोणी मला अंगारे-धुपारे सुचवायला नको. आमच्या घरात भूत-खेत, अंगात येणं, उतारा टाकणं यातलं काहीही चालत नाही. आजोबांनी छप्पन साली धम्म स्वीकारला तेव्हाच ते सगळं उंबऱ्याबाहेर काढलं, आणि मी तर आजोबांच्याही वरताण. भिसेगावातली शेजारीण कोणाला 'बाहेरचं लागलंय' म्हणाली की मी तिच्या तोंडावर हसते. तरीही हे लिहितेय... कारण हे मी एकटीने ऐकलेलं नाही. अख्ख्या तंबूने ऐकलंय!

तंबू म्हणजे टुरिंग टॉकीज. माझ्या वडिलांची — आप्पांची. भातकापणी झाली की मोकळ्या शेतात तंबू ठोकायचा, पावसाआधी गुंडाळायचा. चौक, लोधिवली, खालापूर, खोपोली... मशीन आप्पा चालवायचे, तुटलेली फिल्म जोडायचं काम माझं. आणि बायकांच्या दारावर सखूआत्या, आप्पांची थोरली बहीण. पदर कमरेला खोचून उभी राहायची आणि सिनेमा रंगात आला तरी तिचं आपलं चालूच — "मागं बगा गं, मागं जागा हाय! सरका की!" बायका वैतागायच्या, "आत्ये, गप ऱ्हा की गं!" ती कसली गप्प राहतेय. तंबू अर्धा रिकामा दिसला की तिला अन्न गोड लागायचं नाही. फार जीव होता तिचा त्या तंबूवर. माझाही होता.

आत्या एका पावसाळ्यात गेली. त्यानंतरच्या सीझनची ही गोष्ट. ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं आणि व्हिडिओ आले होते. आम्ही शिळफाट्याजवळ तंबू ठोकला, तर समोरच्या शेडमध्ये दिनूशेठने रंगीत टीव्ही लावून पडद्यावरचे सगळे सिनेमे डब्यात आणून ठेवलेले! आमच्या तंबूत चार डोकी. दिनूशेठचा मांडवाचाही धंदा होता. तो रोज येऊन तंबूचं कापड चिमटीत धरून बघायचा. म्हणायचा, "आप्पा, लग्नाच्या मांडवाला झ्याक व्हईल. मशीन भंगारात घाला."

एके दिवशी आप्पा मला म्हणाले, "सुशे, दमलो गं मी. देऊन टाकतो त्याला."

मी म्हटलं, "शनिवारी सिनेमा बदलतोय. शनिवारी तंबू भरला तर?"

"भरला तर नाय देत. पन भरतोय कशाला?"

शनिवारचा सिनेमा खुनाखुनीचा. एकाकी बंगला, पिकनिकला आलेली कॉलेजची पोरं, आणि मुखवटा घातलेला एकजण त्यांना एकेक करून कापत जातो. आदल्या सीझनला हाच आम्ही लोधिवलीला लावला होता. प्रिंट इतकी जुनी की सारखी तुटायची, आणि प्रत्येक वेळी खराब झालेला तुकडा कापून मी पत्र्याच्या डब्यात टाकायची. सिनेमाचा ट्रेलर काही आला नव्हता. मी ठरवलं, त्या तुकड्यांचा आपणच बनवायचा.

लहानपणापासून मशीनशेजारी बसून ट्रेलर बघत आलेली मी! त्यांची सगळी चलाखी मला पाठ. सिनेमात खुनी शेवटी दिसतो आणि मजा जाते. ट्रेलरवाले त्याला दाखवतच नाहीत. बूट दाखवतील, हातमोजा दाखवतील, दाराची कडी हळूच सरकताना दाखवतील. आधी पोरं नाचताना-खिदळताना, म्हणजे आपण सैल बसतो. मग म्युझिक बंद... सुरी वर जाते... आणि खाली यायच्या आत कट! पुढचं आपलं डोकं रंगवतं, आणि डोक्यातलं खरं की खोटं ते बघायला माणूस तिकीट काढतो. बाया पोरांचे डोळे झाकतात आणि स्वतः बोटांच्या फटीतून बघतात. सगळे असेच... मीसुद्धा.

जोडताना एक चूक झाली. फिल्मवर आवाज चित्राच्या थोडा पुढे छापलेला असतो, ते मी धरलंच नाही. झालं काय, सुरीचं चित्र कापलं तरी त्यावरची किंकाळी पुढच्या तुकड्यावर गेली — आणि त्यात हिरॉईन आरशासमोर हसत केस विंचरतेय! हसरा चेहरा आणि वर किंकाळी. लावून बघितलं तर माझ्याच अंगावर काटा आला. म्हटलं, राहू दे असंच. शेवटी मी नुसती काळी पट्टी जोडली. चित्र नाही, आवाज नाही. कारण काहीच न दिसण्याला माणूस जितका घाबरतो, तितका कशालाच घाबरत नाही.

बुधवारी चालू सिनेमाच्या आधी तो लावला. पोरं नाचली, कडी सरकली, सुरी, किंकाळी... आणि काळोख. तेवढ्यात पडद्यामागच्या कर्ण्यातून स्वच्छ आवाज आला —

"मागं बगा गं... मागं जागा हाय."

अहो, एक बाई अशी किंचाळली! सगळ्यांनी गर्रकन मागे वळून बघितलं. मागे रिकामी सतरंजी. पुरुषांच्या बाजूला एक गडी चप्पल सोडून पळाला. मी आप्पांकडे बघितलं. त्यांचा हात मशीनवर तसाच, आणि तोंडातून एकच शब्द, "आक्का?"

सकाळी मी ती काळी पट्टी उन्हात धरून इंच न् इंच बघितली. आवाजाची रेघच नाही तिच्यावर. कोरी! गुरुवारी परत लावली, परत तोच आवाज. बातमी वाऱ्यासारखी गेली. जवळच्या कंपनीतली माणसं पाळी सुटली की थेट तंबूत यायला लागली. "काय ट्रेलर हाय रं, मागंच बगायला लावतो!" मला भीती वाटायला हवी होती ना? खरं सांगते, मला हसू येत होतं. घाबरवायला बसलेल्या सिनेमात आमची आत्या जागा दाखवत होती.

शुक्रवारी दिनूशेठ तणतणत आला. "सुशे, माईक कुटं लपवलायस? फसवतेस व्हय लोकांना?"

मी आमचा एकुलता एक माईक त्याच्या हातात दिला. "घ्या, बसा धरून."

शहाण्याने वायरसुद्धा उपटून काढली आणि माईक मांडीवर घेऊन मशीनजवळ बसला. काळोख झाला. "मागं बगा गं..." दिनूशेठची बोबडीच वळली! माईक टाकून कनातीखालून जो निसटला, तो थेट आपल्या शेडमध्ये.

आणि मग शनिवार. काय सांगू तुम्हाला! चौकहून टेंपो भरून आले, कर्जतहून आले, आधी सिनेमा बघितलेली लोधिवलीची माणसंही आली. बसायला सतरंजी पुरेना, माणसं कनातीला टेकून उभी. आप्पांनी सिनेमा सुरू करायला हात घातला तर आरडाओरडा, "आधी ट्रेलर! ट्रेलर!" पोरं नाचली, कडी, सुरी, किंकाळी. काळोख. सगळ्यांच्या माना आधीच मागे वळलेल्या. आवाज येईना. माझा जीव टांगणीला... आणि मग आली ती. फुल्ल झालेल्या दिवशी पदर झटकत ज्या तोऱ्यात बोलायची ना, त्याच तोऱ्यात —

"आता जागा नाय गं... उंद्या या!"

तंबू शिट्ट्यांनी आणि टाळ्यांनी नुसता हादरला. आप्पा रडत होते आणि हसत होते. "ऐकलंस सुशे? फुल्ल झाला म्हनली आक्का!" मी तिथेच उड्या मारल्या, एवढी घोडी झालेली असूनही. तंबू विकला नाही. पुढे कितीतरी सीझन तो आमचाच राहिला, आणि दिनूशेठने मांडवाला कापड दुसरीकडून आणलं.

त्यानंतर आवाज पुन्हा कधीच आला नाही. ती पट्टी अजून माझ्याकडे आहे, डब्यात, कोरी. माझा भाचा इंजिनिअर आहे. तो म्हणतो, मावशी, कर्ण्याने कुठलातरी रेडिओ पकडला असेल. असेल बाबा! मी एवढंच विचारते, तंबू भरला हे त्या रेडिओला कसं कळलं? आणि हो, मी अजूनही असल्या गोष्टी मानत नाही.

बाकी रविवारी तंबू परत भरला. आत्याने 'उंद्या या' म्हणून सांगितलं होतं ना!