नाव घातलेले ग्लास

आमच्या घरात ग्लास कधी पालथे घालत नसत. आम्ही राहायचो जुन्या जालन्यात, समोर धान्याची दुकानं, दिवसभर पोत्यांची चढउतार आणि त्या पोत्यांची धूळ थेट चुलीपर्यंत. अशा गल्लीत कुठलीही शहाणी बाई धुतलेली भांडी पालथी घालेल. आई मात्र फळीवर ग्लास सरळ मांडायची आणि सगळ्या रांगेवर जुन्या धोतराचा फाटका तुकडा पांघरायची. धूळ काय, तिला जाडंभरडं आणि तलम सगळं सारखंच. ती आत शिरायचीच. त्यामुळे कुणाला पाणी द्यायचं म्हटलं की आधी ग्लास खळबळून घ्या. ते काम माझ्याकडे आणि मी मुळातच कामचुकार.

"पालथे घातले तर काय बिघडतं गं?" मी एकदा वैतागून विचारलं.

"माझ्या घरात पालथं भांडं न्हाई चालायचं," आई म्हणाली. "लई बघितलंय ते."

तिनं काय बघितलं होतं ते मला हळूहळू कळलं. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, आष्टीकडच्या एका खेड्यात शेतकऱ्याच्या घरी सालगडी होते. त्या घरात त्यांना चहा मिळायचा, पण त्यांचा कप वेगळा. तो गोठ्याच्या कोनाड्यात असायचा. चहा प्यायचा, कप आपला आपण धुवायचा आणि परत कोनाड्यात पालथा घालून ठेवायचा. पाणी तर ओंजळीतच, वरून ओतलेलं. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, तरी तो कोनाडा काही लगेच रिकामा झाला नाही. आई लहानपणी आजोबांची भाकरी घेऊन जायची आणि तो कप बघून यायची.

सवय हाडात मुरते म्हणतात ते खोटं नाही. आजोबा आमच्याकडे आले, लेकीच्या हातचं पाणी प्यायले, की उठून मोरीवर जायचे, ग्लास स्वतः धुवायचे आणि फळीवर पालथा घालायचे. त्यांची पाठ वळली की आई तो सरळ करायची. दोघंही त्यावर कधी बोलले नाहीत. मला मात्र त्या गप्प राहण्याचा राग यायचा.

आमचे ग्लास स्टीलचे होते. पितळेची भांडी दुष्काळात मोडीत गेली होती. बाबा शाळेत शिक्षक होते. त्यांनी या दोन खोल्या घेतल्या तेव्हा नातेवाईक आणि शाळेतले सहकारी एकेक ग्लास घेऊन आले. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव घातलेलं, मशीनच्या बारीक टिंबाटिंबांनी. आईनं त्यावरून कायदाच केला: ज्याचं नाव त्याला त्याच ग्लासात पाणी. मोठी आत्या तर आल्या आल्या आपला ग्लास डोळ्यांजवळ नेऊन तपासायची. "ह्याला पोचा कसा पडला? माझाच गिलास बरा सापडतो सगळ्यांना!" एकदा मी तिला धाकट्या आत्याच्या नावाचा ग्लास दिला, तर पाणी न पिता ती माझ्या आईला दोन तास वळण शिकवत बसली.

फळीवर पहिला मान एका ग्लासाला होता. तो बाबांच्या मित्राचा. हे सर बाबांच्याच शाळेत होते, तेही आष्टीकडचेच, पण बागायतदार शेतकरी घरातले. संध्याकाळी रोज आमच्या ओट्यावर यायचे. हंगामात हुरडा आणायचे, हरभऱ्याचे ढाळे आणायचे. बाबांबरोबर हॉटेलात चहा प्यायचे. पण आमच्या घरात त्यांनी कधी पाण्याचा घोट घेतला नाही. आई ग्लास भरून पुढं करायची आणि ते हसून म्हणायचे, "आत्ताच घिऊन आलो, वहिनी."

आईला ते फार लागायचं. या माणसानं एकदा आपल्या घरचं पाणी प्यावं, एवढंच तिला हवं होतं. म्हणून त्यांचा ग्लास ती राखेनं घासून लख्ख ठेवायची आणि आम्हाला कुणाला हात लावू द्यायची नाही.

एके दिवशी बाबा भडकलेच. "आता आपनच येगळा गिलास ठिवायला लागलो का? मंग त्या कोनाड्यात आन आपल्या फळीत फरक काय?"

"येगळा न्हाई. त्यांच्या नावाचा हाय," आई म्हणाली. पण तिचा आवाज पडला होता. बाबांचं तिला पटलं होतं, आणि ग्लास तरी तिथंच राहिला.

वैशाखातली गोष्ट. आजोबा संध्याकाळच्या गाडीनं यायचे होते, म्हणून त्यांच्या नावाचा ग्लास मी आधीच खळबळून माठाजवळ ठेवला होता. सुट्ट्या लागलेल्या, बाबा निकालाच्या कामाला शाळेत, आई नळावर. भर दुपारी सर दारात उभे. सायकल नव्या जालन्यात पंक्चर झालेली, ती हातानं ढकलत आलेले, कॅरिअरला डाळीची पिशवी. तोंड लालभडक झालेलं. उंबऱ्यावर बसत म्हणाले, "पानी दे बेटा, जल्दी."

हाताशी होता तो ग्लास मी भरला. त्यांनी एका दमात रिकामा केला, अर्धं पाणी सदऱ्यावर. तेव्हा माझं लक्ष नावाकडे गेलं आणि मी ग्लास परत घ्यायला हात पुढं केला. माझा चेहरा बघून त्यांनी ग्लास फिरवला आणि वाचलं.

"हे कोन?"

"आईचे वडील."

ते टिंबांवरून अंगठा फिरवत राहिले. तहान तर भागली होती. आता ते उठून जातील असंच मला वाटलं. त्यांनी ग्लास पुढं केला.

"अजून दे. भरून दे."

दुसरा ग्लास ते सावकाश प्यायले. आई कमरेवर हंडा घेऊन दारात आली ती तशीच उभी राहिली. सरांनी रिकामा ग्लास माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "वहिनी, गावाकडची डाळ आनलीय." आईनं हंडा उतरवला आणि पदर तोंडाला लावला.

संध्याकाळी आजोबा आले. आईनं त्याच ग्लासात पाणी दिलं आणि भीत भीत सगळं सांगितलं. आजोबांनी शांतपणे ऐकलं.

"मंग गिलास कुनी धुतला?"

"पोरीनं."

"त्यांनी न्हाई ना?"

"न्हाई, बा."

"बराबर केलं. दारी आलेल्या मानसाला गिलास धुवाया लावू न्हाई."

मग ते पाणी प्यायले. प्यायल्यावर नेहमीसारखे मोरीकडे जायला अर्धवट उठले, थांबले आणि परत बसले. रिकामा ग्लास त्यांनी माझ्यापुढं धरला.