बारा साड्या आणि माझं नाव

शेठनी वेबपेज बनवायला आम्हा दोघांना, तिला आणि मला, तीन महिन्यांसाठी घेतलं होतं, आणि पुढे एकालाच ठेवणार हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. सुरतेत वेबपेज हा शब्द तेव्हा नवाच होता. साड्यांचे व्यापारी येऊन ‘कॉम्प्युटरवाली जाहिरात’ मागायचे.

ती डिंडोलीची, सुरतेतल्या खानदेशी वस्तीतली, मीही तिथलाच. तिचे वडील नक्षी विणणाऱ्या जेकार्डच्या मागासाठी पुठ्ठ्याच्या कार्डांना एकेक भोक पाडायचे आणि ती तशीच एकेक ओळ कोड नोटपॅडमध्ये हाताने लिहायची. मी एका तयार प्रोग्राममध्ये माउसने फोटो उचलायचो, पानावर ठेवायचो, कोड तो प्रोग्रामच लिहायचा, झालं काम. तिला मी ‘टायपिस्टबाई’ म्हणायचो. माज होता, दुसरं काय.

एका व्यापाऱ्याचं पान आम्ही मिळून केलं. मजकूर आणि चौकटी तिच्या, फोटो माझे. शेठनी ते फ्लॉपीवर नेऊन व्यापाऱ्याच्या दुकानात उघडलं, तर एकही साडी दिसेना. तणतणत परत आले ते थेट तिच्यासमोर उभे राहून आपल्या गुजराती वळणाच्या हिंदीत म्हणाले,

“बेन, हाथ से लिखने में तो भूल होएगी ज. इसके जैसा माउस से करो ने.”

फोटो मी टाकले होते. एवढंच सांगायचं होतं. मी सांगितलं नाही.

तिने फाइल नोटपॅडमध्ये उघडली. माझ्या त्या सोयीच्या प्रोग्रामने प्रत्येक फोटोचा रस्ता माझ्याच कॉम्प्युटरमधल्या फोल्डरचा लिहून ठेवला होता. दुसरीकडे फोटो दिसणार कसे? त्या फोल्डरला मी ऐटीत स्वतःचं नाव दिलं होतं. बारा साड्या, बारा वेळा माझं नाव. शेठना त्यातलं काही कळत नव्हतं. तिला कळलं. तिने वळून माझ्याकडे पाहिलं आणि थांबली. मी बोलायची ती वाट बघतेय, हे मला समजत होतं. मी खाली मान घालून फ्लॉपीची पत्री पट्टी मागेपुढे करत राहिलो. मग तिने बाराही ठिकाणचा तो रस्ता पुसला, माझ्या नावासकट.

तीन महिने संपले तेव्हा शेठनी मला ठेवलं.

निघताना ती आमच्या घरच्या बोलीत, अहिराणीत म्हणाली, “भाऊ, फोटो टाकशी तवय तुन्हं नाव काढी टाकत जाय. मी आते आठे नही राहसू.”

ते पुसायला ती आता इथे नसणार होती. मी नुसती मान हलवली. त्या वेळी माफी मागायचं सुचलंच नाही, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. सुचलं होतं.