चौघांतला एक गरम

आमच्या ह्यांचा मुलुंडला छोटा गाळा होता. दागिन्यांना मुलामा चढवणारे वापरतात तसल्या करंटच्या पेट्या ते बनवायचे. भिंतीतला करंट उलटसुलट धावतो, मुलाम्याला एकाच दिशेचा लागतो. तो वळवायला पेटीत चार डायोड बसवायचे, त्याला ब्रिज म्हणतात. करंट मोठा असला की डायोड असे तापतात, वर चपाती भाजावी. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण सोल्डर मारायला ह्यांच्याकडेच शिकले.

पुढे साखरेनं ह्यांच्या हातातली जाणीव गेली. एकदा चालू पेटीत डायोडच्या पत्र्यावर तळवा टेकला, त्यांना पत्ताच नाही. मला वास आला, मी ओरडले, तेव्हा हात उचलला. जखम भरेना. दोन बोटं काढावी लागली.

मग त्यांनी मनावर घेतलं, न तापणारा ब्रिज करायचा. डायोडच्या जागी मॉसफेट.

"डायोड म्हणजे ढकलून जायचं दार," मला सांगायचे. "मॉसफेटला उघड म्हटलं की सताड उघडतो. ढकलाढकली नाय, ताप नाय."

"आणि नको तेव्हा उघडला तर?"

"तर वाट लागली."

पहिल्या दोन पेट्यांची लागलीच. तोवर मूत्रपिंडं पण गेली होती. डायलिसिसवरून आले की आडवे व्हायच्या ऐवजी गाळ्यावर. "एवढी एक होऊ दे गं," म्हणायचे.

तिसरी चालली. बराच वेळ चालू ठेवून म्हणाले, "हात लाव."

तपासायला आता माझाच हात होता. तीन कोमट लागले. चौथ्याला चटका बसला. हे माझ्या तोंडाकडे बघत होते. इतके दमलेले, की बरंय म्हणावं आणि घरी न्यावं असं वाटलं.

"चौथा गरम आहे."

"तुझा हात म्हातारा झालाय."

"म्हातारा झालाय. तुमच्यासारखा मेला नाही."

हसले. मग स्टूल ओढून पेटीत डोकावले.

"त्याला उघड म्हणून सांगणारी तार सुटली असणार. मग करंट जातो, पण डायोडसारखा, ढकलत."

ती तार त्यांनी हट्टानं स्वतः जोडली होती, त्या बोटांनी. पेटी बंद करून बघितलं, सोल्डर कच्चं निघालं. त्यांनी उजेडाला बॅटरी धरली, मी तार परत जोडली.

पुन्हा चालवली. चारी सारखेच कोमट. त्यांनी पण तळवा ठेवला.

"मला काय कळत नाय गं."

"आता मला पण काय कळत नाही," मी म्हटलं.

गणपतीच्या आधी ते गेले.

पेटी गोवंडीच्या मुलामेवाल्याकडे चालू आहे. परवा जाऊन चारी ठिकाणी हात लावून आले. बरी आहे. तो म्हणाला, "मावशी, अजून एक बनवून द्या ना."

म्हटलं, मला तार जोडता येते, बाबा. कुठली कुठं, ते त्यांच्या डोक्यात होतं.