तरंगत्या टेबलातली लिमलेटची गोळी

चूक सगळी कुल्याशची. नव्या वस्तूवर गोड उधळायचं ही अल्माटी शहराची जुनी रीत. सुनेवर उधळतात, मोटारीवर उधळतात. पण म्हणून मेंदू संशोधन केंद्राच्या नव्या सूक्ष्मदर्शकावर? सकाळी तिने मूठभर लिमलेटच्या गोळ्या उधळल्या, “पायगुण चांगला ठरो” म्हणाली आणि पडलेल्या वेचूनही घेतल्या.

दुपारी पडद्यावर उंदराच्या मेंदूतल्या पेशी थरथरू लागल्या.

पाच प्रयोगशाळांनी मिळून सहा वर्षं अर्ज खरडले, तेव्हा कुठे हे यंत्र सगळ्यांत एक असं मिळालं होतं. संध्याकाळी खोली तपासायला समिती येणार होती. चित्र हललं तर खोली नापास, आणि यंत्र राजधानीला.

“आपली जमीनच हलते,” प्रमुख मार्लेन, सगळ्यांचे ‘अगाय’ म्हणजे सर, कपाळ धरून म्हणाले. “भूकंपाच्या गावात असली हौस.”

“जमीन नाही, अगाय. सकाळी ठीक होतं,” यंत्र बसवायला आलेला कंपनीचा रिनात म्हणाला. “टेबल हवेवर तरंगतं. कुठेतरी काहीतरी टेकलंय.”

कुल्याशच्या तोंडचं पाणी पळालं. सव्वीस वर्षं ती इथे उंदरांच्या मेंदूचे पापुद्रे कापत होती. पेन्शनला दोन वर्षं उरलेली. बोललं तर नोकरी जाणार, गप्प बसलं तर यंत्र. ती दारापर्यंत गेली, तिथली स्वच्छ फरशी पुसली, परत आली.

“अगाय, माझी एखादी गोळी राहिली असेल.”

अगायांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

रिनात आडवा झाला, बॅटरी मारली. टेबलाचा पाय आणि वरचा पाट यांत बोटभर फट होती, आणि फटीत पिवळी गोळी, कागदासकट. चिमटा लावला तर ती आणखी आत सरकली.

“हवा सोडून टेबल खाली घे,” अगाय म्हणाले.

“गोळीवर वाकडं बसेल. मग जुळवायला चार दिवस. तरंगतं ठेवूनच काढायची. माझी बोटं जाड आहेत.”

“माझी नाहीत,” कुल्याश म्हणाली.

“आपाय,” रिनात थोरल्या बहिणीला म्हणावं तसा म्हणाला, “वर अर्धा टन आहे. हवा गेली तर—”

“पुढचं सांगू नकोस.”

तिने अंगठी काढून दातांत धरली आणि हात घातला. नळीत हवा फुसफुसत होती. मध्येच फुसफुस थांबली. वरचा पाट केसभर खाली आला. गार लोखंड नखांना टेकलं. कुल्याशने श्वास धरला. अगायांनी डोळे मिटले. मग पुन्हा फुस्स झालं, आणि दोन बोटांत चुरगळलेल्या कागदातली गोळी बाहेर आली.

पेशी जागच्या जागी उभ्या राहिल्या. कुल्याश पहिल्यांदाच आपण कापलेला पापुद्रा असा पाहत होती, झाडाच्या मुळांसारखा. तिने अंगठी पुन्हा बोटात घातली.

समिती सही करून गेली. रिनात हत्यारं आवरता आवरता म्हणाला, “आपाय, नवी वस्तू पहिल्यांदा पाहिलीत. आपल्या रीतीत बघणाऱ्याने भेट द्यावी लागते.”

कुल्याशने खिसा चाचपला. आत गोळ्याच होत्या.

“त्या नकोत,” अगाय घाईने म्हणाले.

भेट अजून द्यायचीच आहे.