पायऱ्यांनी ओ दिली

तापातून मी वाचले, पण दोन्ही कान गेले. आम्ही राहतो त्या जर्मनीतल्या बॉनच्या इस्पितळात ऑपरेशन करून एका कानाला यंत्र बसवलं. ते सुरू झालं तेव्हा सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मला मात्र पत्र्यावर खडे पडल्यासारखं वाटत होतं. नवऱ्याचा आवाज, मुलीचा आवाज, देवापुढची घंटा, सगळा एकच खडखडाट. "मेंदूला सवय होऊ द्या," असं थेरपिस्ट लिहून दाखवायची. महिने गेले. मी यंत्र काढून ठेवू लागले आणि रोजची आरतीही सुटली. माझं मला ऐकू येत नव्हतं. खरं सांगायचं तर देवालाही ऐकू जातं यावरचा माझा विश्वास उडाला होता.

ईस्टरच्या सुट्टीत ह्यांनी मेक्सिकोची तिकिटं काढली. आमच्या मुलीला, इराला, शाळेत माया संस्कृतीवर रेफेराट द्यायचा होता, म्हणजे वर्गापुढे उभं राहून माहिती सांगायची होती.

"अहो, तुम्ही दोघं जा. मी तिथे येऊन काय करू?"

"दगड बघायला कान लागत नाहीत," हे ओठ ठळक हलवत म्हणाले.

चिचेन इत्साच्या मोठ्या पिरॅमिडसमोर मात्र मी थबकले. चारी बाजूंनी पायऱ्या, वर गाभारा, खाली दगडी नागांची तोंडं. कधीकाळी कुणाच्या तरी देवाचं घर होतं ते. आता पूजा नाही, नैवेद्य नाही. 'तूही एकटाच का रे?' असं मनात आलं.

तेवढ्यात भरतकामाचे रुमाल विकणारी एक बाई समोर आली. तिने माझ्या कानाकडे पाहिलं, रुमाल खांद्यावर टाकले आणि हात धरून मला पायऱ्यांच्या बरोबर समोर नेऊन उभं केलं. ह्यांच्या आग्रहाने कानाला लावलेलं, पण बंद ठेवलेलं यंत्र सुरू करायची खूण केली. मी केलं. तिने जोरात एक टाळी वाजवली.

टाळीचा खडा पडला आणि त्यामागून, पायऱ्यांकडून, एक पक्षी बोलला. स्वच्छ. मी वर झाडांकडे बघू लागले.

"ममा, वास इस्ट?" काय झालं, असं जर्मनमध्ये विचारत इरा धावत आली.

"पक्षी ओरडला ना? बारीक, शेवटी खाली उतरत गेला."

ती माझ्याकडे बघतच राहिली. एरवी जर्मनमध्येच उत्तर देणारी माझी पोर ओरडली, "बाबा! आईला बरोबर ऐकू आलं!" मग माझ्याकडे वळून हळूहळू, एकेक शब्द जुळवत म्हणाली, "आई, पक्षी नाही. एको आहे, टाळीचा आवाज परत येतो. सगळ्यांना असाच, पक्ष्यासारखा, ऐकू येतो."

सगळ्यांना असाच!

मी टाळी वाजवली. पायऱ्यांनी ओ दिली. पुन्हा वाजवली, पुन्हा ओ. मग हात आपोआप आरतीच्या ठेक्यात पडले आणि भर उन्हात, परक्या माणसांत, मी खड्या आवाजात गणपतीची आरती म्हटली. ह्यांनी टाळ्या धरल्या, इराने धरल्या, आजूबाजूचे प्रवासीही हसत सामील झाले. प्रत्येक टाळीला तो देव उत्तर देत होता. माझा आवाज बेसूर असेल, पण तो मला ऐकू येत होता!

डोळे पुसून वळले तेव्हा ती बाई गर्दीत दिसेनाशी झाली होती. तिला मी मनोमन हात जोडले.

हे म्हणतात, मेंदू शिकला. शिकला असेलच, मी वाद घालत नाही. मी इतके महिने फक्त जुनेच आवाज परत मागत होते. आता कसा आवाज यावा हे मी देवावर सोपवलंय. सकाळी यंत्र लावते आणि तो देईल ते ऐकते.