सकाळचं डुकराचं मटण

बाईसाहेबांनी माझा डबा चिमट्याने उचलला. चुलीतला निखारा धरतात तसा अंगापासून लांब धरला, कुंपणाशी बांधलेल्या कुत्र्यापर्यंत नेला आणि त्याच्यापुढे उपडा केला. भाकरी पडली. भाकरीवरचं मटण पडलं. कुत्र्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि खायला सुरुवात केली.

"ए वडारणी, काय होतं ते?"

"डुकराचं मटन."

"सकाळी सकाळी? शी! माणसं आहात की कोण आहात?"

पहिला घास अजून माझ्या तोंडातच होता. गिळावा की थुंकावा कळेना. मी गिळला. चांगला लागला. चांगला लागला म्हणूनच जास्त लाज वाटली, हे मला आजही आठवतं.

मग त्यांनी मला गोठ्यातून शेण आणायला लावलं. मी बसले होते ती जागा बाटली होती, ती मीच सारवायची. स्वयंपाकाच्या काकू मागच्या दारात नाकाला पदर लावून उभ्या होत्या. "अजून तिकडून घे, अजून थोडं," असं बोटाने दाखवत होत्या. मी ओणवी होऊन सारवत होते आणि पोटात भूक तशीच होती. कुत्रा डबा चाटून चाटून लखलखीत करत होता.

मी तेव्हा पंधरा-सोळाची असेन. आमच्यात जन्म कोण लिहून ठेवतं? आम्ही वडार. अंबरनाथच्या बाहेर खाणीच्या पायथ्याशी आमची वाडी. शेजारच्या कॅम्पात फाळणीच्या निर्वासितांना येऊन दोन-तीन वर्षं झाली होती, बराकींमधून रस्ते पडत होते, त्यामुळे खडीच्या कामाला तोटा नव्हता. बाप दगड फोडायचा, आई खडी वाहायची. एके दिवशी बापाच्या पायावर दगड आला आणि बाप खाटेवर बसला. मग मी कारखान्यातल्या एका साहेबाच्या बंगल्यावर कामाला लागले. अंगण झाडायचं, बाहेर काढून ठेवलेली भांडी मोरीवर घासायची. घरात पाय टाकायचा नाही.

पण बागेत नळ होता. संध्याकाळी जाताना एक घागर भरून न्यायची मुभा होती. मी ते काम धरलं ते त्या नळासाठी. वाडीला पाणी म्हणजे खाणीच्या खड्ड्यातलं हिरवं पाणी. धाकट्या भावाला कायम हगवण. नळाचं पाणी प्यायला लागला आणि पोर जरा अंग धरायला लागलं. आई रोज संध्याकाळी माझ्याकडे बघायच्या आधी घागरीकडे बघायची.

म्हणून त्या दिवशी मी मूग गिळून गप्प बसले आणि घागर भरून घरी आले. डबा कुत्र्याला घातला हे कोणाला सांगितलं नाही.

आता आमच्या खाण्याचं सांगते, कारण ते कोणी विचारत नाही. वाडीत डुक्कर कापलं की सगळ्यांकडे वाटा जायचा. रात्री रस्सा व्हायचा, तो भुकेचा. खरी चव सकाळची. रात्री काढून ठेवलेल्या मटणावर सकाळी पांढरी चरबी थिजलेली असायची. आई ते तसंच तव्यावर टाकायची. तेलाचा थेंब नाही. चरबी आपोआप सुटायची, त्यात लसूण आणि लाल मिरची ठेचून. कडा कुरकुरीत झाल्या की भाकरीवर. बापाला कातडीचा तुकडा लागायचा, तो किती तरी वेळ चघळत बसायचा. आईला काळीज. मला पोटाकडचं, एक थर चरबी आणि एक थर मांस असलेलं. त्यावरून मी आणि धाकटा भांडायचो. आवडनिवड काय फक्त बंगल्यात राहणाऱ्यांना असते?

पण त्या दिवसानंतर मी सकाळी काही खाईनाशी झाले. आईने तव्यावर टाकलं तरी नको म्हणायचे. बंगल्यावर जाताना वाटेत चिंचेचा पाला चावायचे, तोंडाला वास येऊ नये म्हणून. मला माझ्याच तोंडाची किळस यायला लागली होती. एका बाईने एक डबा उपडा केला, आणि मी माझ्या आईच्या हातचं सोडलं. त्याचा मला आजही राग येतो. बाईचा येतोच, माझा जास्त येतो.

महिनाभर गेला असेल. बंगल्यात एकदम धावपळ सुरू झाली. साहेबाला कारखान्यात वरची जागा हवी होती आणि ती गोऱ्या साहेबाच्या हातात होती. गोरा साहेब रविवारी सकाळी नाश्त्याला यायचा होता. त्याला सकाळी काय आवडतं याची चौकशी करून साहेब घरी आला आणि घरात सगळ्यांचे चेहरे उतरले. गोऱ्या साहेबाला सकाळी डुक्कर लागत होतं.

काकूंनी हात झाडले. "माझ्या चुलीवर हे चढलं तर मी आजच्या आज निघाले."

साहेब मागच्या दारी आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलला. "अगं, तुम्ही लोक हे... करता ना? जमेल तुला?"

"जमंल की," मी म्हटलं.

खरं सांगते, मला आनंद झाला. मूर्ख होते. मला वाटलं, आता यांना कळेल. रात्रभर झोप आली नाही.

रविवारी मागच्या जांभळीखाली मी तीन दगड मांडले, वर एक जुना तवा ठेवला. पेटी मुंबईहून आली होती, आत लाकडाचा भुसा आणि बर्फ. तेलकट कागद उलगडला तर पातळ पातळ काप, गुलाबी आणि पांढरे पट्टे. बघता क्षणी ओळखलं. पोटाकडचं. माझ्या आवडीचं. दुसऱ्या कागदात आतड्यात भरलेले बोटाएवढे तुकडे.

साहेब लांबून म्हणाला, "त्याला बेकन म्हणायचं. आणि हे सॉसेज. डुक्कर म्हणायचं नाही." बारशाला नाव ठेवावं तसं सांगितलं त्याने.

मी एक तुकडा चाखला. खारट होता, आणि बाकी काही चवच नव्हती. मला त्या गोऱ्या साहेबाची दया आली. मी काकूंकडे लसूण आणि मिरच्या मागितल्या. त्यांनी वरून टाकल्या, मी खाली ओंजळीत घेतल्या. मग आई करते तसंच केलं. चरबी सुटू दिली, लसूण-मिरची दगडावर ठेचून त्यात घातली. अंडी त्याच चरबीत सोडली. वास असा सुटला की माझ्याच तोंडाला पाणी सुटलं. महिन्याभराने मला खरी भूक लागली होती.

कारखान्यातून बोलावलेल्या शिपायाने चिनी मातीच्या बशा भरून आत नेल्या. मोरीवरून खिडकीतून जेवणाची खोली दिसायची. मी हातात राखेचा बोळा घेऊन उभी राहिले. बाईसाहेबांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून गोरा साहेब मोडक्या हिंदीत बोलत होता.

"मेमसाब, आपको सुबह में क्या मांगता? बेकन, सॉसेज?"

बाईसाहेब म्हणाल्या, "हमको दोनों पसंद है."

साहेब म्हणाला, "हमारे घर में पहले से आदत है."

गोऱ्या साहेबाने बोटाला लागलेला मसाला चाखला. "ये लाल, बहुत अच्छा. किसने बनाया?"

मी खिडकीजवळ सरकले.

"हमारी मिसेस ने," साहेब म्हणाला.

बाईसाहेबांनी मान खाली घातली आणि लाजल्या. मग पावाचा तुकडा तोडला आणि बशीतली चरबी पुसून खाल्ली. सगळी बशी पुसली. मी पाहिलं. घासताना त्या बशीला काही लागलेलं नव्हतं.

गोऱ्या साहेबाची गाडी गेली तशा बाईसाहेब मागे आल्या. "ही सगळी जागा शेणाने सारवून घे. तो तवा लांब कुठेतरी टाकून ये. आणि उद्या आंघोळ करून मगच ये."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं.

"न्हाई सारवणार."

"काय म्हणालीस?"

"त्या दिवशी माझं डुक्कर सांडलं, मी सारवलं. आज तुमचं शिजलं. तुमी सारवा. टेबलाखाली बी सारवा."

शब्द नीट बाहेर आले. काकूंनी तोंडावर हात ठेवला. बाईसाहेबांचा चेहरा लालबुंद झाला. "नीघ," त्या म्हणाल्या. "परत नळाला हात लावशील तर याद राख."

मी रिकामी घागर उचलली आणि निघाले.

घरी आईने घागर बघितली आणि सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या थोबाडीत मारली. "लई मोठी झालीस. आता पोराला काय पाजू? तुजी जीभ?" तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघी वालधुनीवर जायला लागलो. उन्हाळा होता. नदीत धार नव्हती. वाळूत खड्डा करायचा, पाझर साठायची वाट बघायची, वाटीवाटीने घागर भरायची. तरी ते पाणी गढूळच. चार दिवसांत धाकट्याला परत हगवण लागली. त्याचे डोळे आत गेले. मी त्याच्याकडे बघायचे आणि वाटायचं, जाऊन त्या बाईचे पाय धरावे. एकदा अर्ध्या वाटेपर्यंत गेले. परत आले.

शनिवारी दिवस कलताना साहेब स्वतः वाडीत आला. नाकाला रुमाल. डुकरं बाजूने पळाली तसा दचकला. वाडीतल्या बायका गोळा झाल्या. बाप खाटेवर उठून बसला.

"हे बघ, झालं गेलं विसर," साहेब म्हणाला. "उद्या मोठे साहेब पुन्हा येणार आहेत. त्यांनी तेच लाल मागितलंय. काकूंना जमत नाही, हॉटेलवाल्याला जमलं नाही. तू ये. नळ चालू करतो. तुझ्या एकटीला नाही, ह्या सगळ्या बायकांनी रोज संध्याकाळी येऊन पाणी भरावं. झालं?"

बायकांमध्ये कुजबुज झाली. आईने माझा दंड धरला. तिची बोटं रुतत होती.

मी म्हटलं, "येते. पर तुमच्या चुलीवर रांधीन, जांभळीखाली न्हाई. माझा डबा तिथंच बसून खाईन. आन् गोऱ्या साहेबानं इचारलं कुनी केलं, तर माझं नाव सांगायचं."

साहेब माझ्याकडे बघत राहिला. त्याला माझं नाव माहीतच नव्हतं.

"हे कसं शक्य आहे? मिसेसने केलं म्हणून सांगून झालंय."

"मग मिसेसलाच करू द्या."

तो बापाकडे वळला. "समजाव तुझ्या मुलीला. तुमच्याच भल्याचं आहे."

मला वाटलं, आता बाप हो म्हणणार. त्याने पायाची चिंधी नीट केली आणि म्हणाला, "तिनं सांगितलं की."

साहेब गेला. पाठोपाठ वाडीने मला शिव्या घातल्या. "आमच्या पाण्यावर लाथ मारलीस," एक म्हातारी माझ्या अंगावर धावून आली. आई घागर घेऊन नदीवर निघून गेली, मला हाक न मारता. पुढे कित्येक दिवस ती माझ्याशी बोलली नाही. धाकटा जगला, पण काटकुळाच राहिला तो कायमचा. हा माझ्या जिभेचा भाव होता आणि तो माझ्या घराने भरला. ते मी लपवत नाही. तरी मी पुन्हा तेच बोलेन.

त्या साहेबाला वरची जागा मिळाली की नाही, मला माहीत नाही. मला त्याचं घेणंदेणं नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारीच, मी आईच्या तव्यावरून स्वतः वाढून घेतलं. पोटाकडचं. दारात बसून खाल्लं. चिंचेचा पाला चावला नाही.

पुढे मी कॅम्पात बराकींमध्ये कामं केली, बदलापूरला केली. घर सोडून, मुलूख सोडून आलेली एक सिंधी म्हातारी होती. मला वाटलं, हिला कळेल. ती म्हणाली, "बेटी, हम भी सुबह कीमा खाते हैं. लेकिन ये नहीं. तू बाहर बैठ के खा." गोड बोलली, हसून बोलली. मी त्याच दिवशी तिचं काम सोडलं. हसून बाहेर बसवलं तरी बाहेरच.

तेव्हापासून माझी एक रीत आहे. नवीन घरी कामाला गेले की आधी उंबऱ्यातच सांगते. मी डुकराचं मटण खाते. सकाळी खाते, मला आवडतं म्हणून खाते. माझा डबा तुमच्या घरात, तुमच्या छपराखाली उघडेल. त्या जागी नंतर शेण-पाणी फिरवायचं नाही. पुष्कळ बाया ऐकून दार लावून घेतात. काही शिव्या देतात. एक-दोघींनी आत घेतलंही.

दार लागलं तर मी तिथे थांबत नाही, पुढचं दार वाजवते. तिथेही हेच सांगते, आवाज खाली न करता.