चर्चच्या पायरीवर ठेवलेलं पाकीट

माझं डोकं आधीच गरम, त्यात शहाणपणा लई. मी लोणीचा, चाकणच्या कारखान्यात मशीनवर. दोन हजार सालानंतर कधीतरी कंपनीनं महिनाभराच्या ट्रेनिंगला रोमानियात धाडलं. सोबत जुन्नरचे चाचा, आमच्या टूलरूमचे सगळ्यात जुने कारागीर. शेवटच्या रविवारी शहर बघायला निघालो. संध्याकाळी पाचला विमानतळाकडं जाणारी बस, सोमवारी विमान, आणि बुधवारी जुन्नरात चाचांच्या एकुलत्या एका मुलीचा निकाह.

शहर मध्ययुगात जर्मन लोकांनी वसवलेलं. दगडी तट, उतरती कौलं, पाट्या रोमानियन आणि जर्मन, बाजारात हंगेरियन बोलणाऱ्या बायका. "आपल्या जुन्नरसारखंच की राव," चाचा म्हणाले, "जो आला तो हितलाच झाला." पुढं उंच मनोऱ्याचं चर्च लागलं. मी पायरीवर बूट काढले.

"अरे, हिते सगळे बूट घालूनच जातात."

"जाऊ द्या हो. देवाचं दार हाय. चामडं आत न्यायचं नाय."

पट्टा काढला. दोघांचे पासपोर्ट माझ्याकडच्या चामडी पाकिटात होते, तेही बुटात कोंबलं. चाचा "पाकीट तरी..." म्हणाले तर मी खेकसलो, "देवळात काय पहिल्यांदा चाललोय व्हय मी?" ते माझ्या मागनं आत आले.

पंधरा मिनिटांनी बाहेर आलो. पायरी मोकळी. बूट नाही, पट्टा नाही, पाकीट नाही.

नुसत्या मोज्यांवर चौकभर पळालो, कचऱ्याचे डबे उपसले, पोलिसापुढं हात जोडले. चार वाजले, साडेचार वाजले. चाचा एकच विचारत होते, "सापडंल ना रे?" शेवटी बस गेली.

वकिलातीतून नवे कागद गुरुवारी मिळणार होते. बुधवारी सकाळी लॉजच्या खोलीत चाचा आंघोळ करून, टोपी घालून, मोबाईल कानाला लावून उभे राहिले. तिकडं त्यांच्या जागी त्यांचा भाऊ बसला होता. निकाह झाला. मग मुलगी फोनवर आली, रडत रडत विचारत होती, असं झालंच कसं. आता माझं नाव निघणार, आणि निघायलाच पायजे व्हतं.

"माझ्याच हातनं हरवला गं पासपोर्ट," चाचा म्हणाले. "म्हातारा झालो बेटा मी."

आजही जुन्नरला गेलो की ती मला भाऊ म्हणून आग्रहानं जेवायला वाढते. मी मान खाली घालून जेवतो. खरं काय ते सांगायची माझी अजून छाती झालेली नाही.